हप्ता आणि हवापालट

डोक्यावर कर्ज असताना सहलीला जावे की न जावे, यावर आपल्या शास्त्रांनी फारसे मार्गदर्शन केलेले नाही. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला मात्र दर मे महिन्यात हा प्रश्न सोडवावा लागतो. कामगार मुलखाला गेलेले असतात, निम्मे माग थांबलेले असतात, मुलांना सुट्टी लागते आणि घरात कोणीतरी महाबळेश्वरचे नाव काढते. त्याच्या सोयीसाठी काही नियम.

नियम पहिला : कर्जाची जात ओळखावी. गृहकर्ज सभ्य असते. हप्ता वेळेवर जात असेल तर ते काश्मीरपर्यंत सोबत नेता येते. सुताची उधारी थकलेली असेल तर कल्याणच्या पुढे जाऊ नये. भिशी उचलून झाली असेल तर उरलेले हप्ते हेही कर्जच असते, बोनस नव्हे.

नियम दुसरा : क्रेडिट कार्डावर सहल करू नये. हा नियम गंभीरपणे घ्यावा. ४०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर पहिल्या महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. किमान रक्कम म्हणून २,००० भरून गृहस्थ निर्धास्त झोपतो. मुद्दलातून फिटलेले असतात ३४८.

नियम तिसरा : बिनव्याजी कर्ज सर्वांत महाग समजावे. विशेषतः साडूचे. बँक हप्ता चुकला की फोन करते. साडू बारशाच्या पंगतीत जिलबी वाढताना ‘सध्या बरं चाललंय ना?’ एवढेच विचारतो. तेव्हा सहलीचे फोटो स्टेटसवर टाकण्यापूर्वी साडूला वगळावे. मग साडूच्या बायकोला वगळावे. मग मुलांना फोन देऊ नये.

नियम चौथा : अगदीच राहवेना तर वज्रेश्वरीला जावे. देवी भिवंडी तालुक्यातलीच. वसई जिंकल्यास मंदिर बांधीन, असा चिमाजी अप्पांनी नवस केला आणि १७३९च्या विजयानंतर तो फेडला, असे सांगतात. देणे वेळेवर चुकते केल्याचे इतके भक्कम उदाहरण जवळपास दुसरे नाही. शेजारी अकलोलीला गरम पाण्याची कुंडे आहेत. वाटेतल्या खड्ड्यांनी दुखलेली कंबर तिथेच शेकून घ्यावी.

नियम पाचवा : लांबच जायचे तर एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा पास काढावा. ही योजना १९८८पासून आहे आणि आता चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, असे दोन प्रकार मिळतात. पैसे आधी भरावे लागतात, हाच त्याचा मोठा गुण.

एवढे नियम पाळूनही हा गृहस्थ महाबळेश्वरला जातोच. जाऊन एकही पॉइंट बघत नाही. दोन दिवस नुसता झोपतो. बायको चिडते, पण वर्षभर दोन-दोन पाळ्यांवर नजर ठेवणाऱ्याने दुसरे काय करावे? हीच झोप घरी फुकट मिळाली असती, पण घराच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचे माग रात्रंदिवस खडखडत असतात. तेही कर्जावरच घेतलेले.

नियम शेवटचा : परतल्यावर भाजक्या चण्यांचे मोठे पाकीट साडूकडे पोचवावे. तो चणे खाईल, हवा कशी होती विचारेल आणि मग सहलीचा एकूण खर्च विचारेल. ‘भिशीतून भागवला’ असे सांगू नये. साडू त्याच भिशीत असतो आणि त्याचा नंबर अजून लागलेला नसतो.