प्रस्तावना सोडून

लातुरात पाहुण्याने मुलाला विचारायचे प्रश्न दोनच: ‘नीट की जेईई?’ आणि ‘क्लास कुठला?’ परवा आमच्या भाच्याने सांगितलं, ‘आर्ट्‌स. मराठी घेतलंय.’ पाहुण्यांची बशी ओठाशीच थांबली. ‘असू द्या,’ ते म्हणाले, घरात कुणी आजारी असल्यासारखं. मग हळूच, ‘दहावीला किती पडले होते?’ ९५ टक्के ऐकून तर त्यांना जास्तच वाईट वाटलं.

तिकडे नांदेडला पीपल्स कॉलेजात मराठीच शिकवणारे विचारवंत नरहर कुरुंदकर होते. नास्तिक, समाजवादी, आणि समाजवाद्यांनाही न पटणारं भर सभेत बोलणारे. १९८२ साली गेले, पन्नाशीही गाठली नाही. आता ते सगळ्यांनाच आपले वाटतात. गेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, ही त्यातली मोठी सोय.

‘श्रीमान योगी’ ही शिवाजी महाराजांवरची कादंबरी आमच्याकडे घरोघरी. तिला कुरुंदकरांचीच प्रस्तावना आहे. भाच्याने पाहुण्यांची प्रत वाचायला आणली. कादंबरीची पानं हाताळून पिवळी पडलेली. प्रस्तावनेची अजून एकमेकांना चिकटलेली होती.