मंगभाऊ

नागपुरात ‘मग’ला ‘मंग’ म्हणतात. धरमपेठेतल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी हा शब्द इतका वापरला, की त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. पोरीचं लग्न ठरलं म्हणा, “मंग? जावई पुण्यात फ्लॅट घेतो म्हणाला तर?” मेट्रो झाली म्हणा, “मंग? ऑटोवाले काय खातील?” सरकारी नोकरीत होते तेव्हा प्रत्येक फायलीवर यांचा शेरा ठरलेला: ‘परिणाम तपासून फेरसादर करावे.’ फाईल फिरून येईपर्यंत परिणाम होऊनही गेलेले असत.

घरी पिंजऱ्यात पोपट आहे. वन्यजीव कायदा १९७२चा, पोपट पाळणं गुन्हा, हे त्यांना कलमासकट ठाऊक. “सोडतो न. मंग? मांजर खाईन. मांजरीले लागू आहे का तुमचा कायदा?” पोपटाला एकच शब्द येतो. कोणता, ते सांगायला नको.

परवा रविवारी तर्री-पोह्याच्या गाडीवर माझ्या मुलीने यांना छेडलं. रात्रभर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ बघून तिचे डोळे लाल झालेले.

“काका, डेनेरिसनं गुलाम सोडवले ते बरोबरच केलं. घरी तीन-तीन ड्रॅगन असून सोडवायचे नाहीत, तर काय त्यांच्यावर भरताची वांगी भाजायची?”

“मंग?” मंगभाऊंनी पोह्याची प्लेट खाली ठेवली. म्हणजे विषय मोठा होता. “तो म्हातारा मास्तर आठवते का? सुटला, अन् तिच्याच दरबारात येऊन म्हणते, मले मालकाकडं वापस जाऊ द्या. तिथं लेकरं शिकवत होता, मान होता. इथं मोकळ्या लोकायच्या छावणीत तरणे पोट्टे लुटते. अन् बाई काय म्हणते? जा, पण करार एका वर्षाचाच कर. अबे, ही तर कंत्राटी भरती झाली!”

“आणि डॉबी? हॅरी पॉटरमधला?”

“त्याचं तर नावच नको काढू बेटा. हेडमास्तर हप्त्याले दहा मोहरा देतो म्हणते, अन् हा घासाघीस करून एकीवर येते! युनियनवाल्यानं ऐकलं तर जागीच आडवा होईन. अन् ती विंकी? सुटली, अन् बाटलीले लागली.”

एवढा खोल अभ्यास त्यांनी फक्त विरोध करता यावा म्हणून केला होता. असा निष्ठावान विरोधक मी दुसरा पाहिला नाही.

मग गाडी परदेशातून द्वारकेत शिरली. “कृष्णाचंच घे. नरकासुर मारला, सोळा सहस्र बाया सोडवल्या. मंग? कोणी घरात घेईना. सोळा सहस्र संसार पडले न गळ्यात!” कृष्णाने तो ‘मंग’ स्वतःलाच विचारला आणि निस्तरलाही स्वतःच, हे मी सुचवून पाहिलं. पण मंगभाऊ तोवर सरकारवर घसरले होते. “वेठबिगारी बंद करायचा कायदा १९७६चा. माणूस मोकळा, कर्ज माफ. मंग? पुनर्वसनाची योजना निघाली १९७८ले, माणशी चार हजार! मधली दोन वर्षं त्यानं काय खाल्लं? कायद्याचा कागद?”

हे मात्र खरं होतं. मुलगी गप्प झाली. मंगभाऊंनी विजयी मुद्रेने तर्री मागितली.

पोहेवाल्याने ती वाढली आणि झारा हातातच धरून उभा राहिला. “साहेब, एक बोलू? माझा आजा १९५६ले दीक्षाभूमीवर होता. धर्म सोडला तर सवलती जातीन, हे कोणी सांगतलं नसन काय त्याले? गेल्याच न. दिल्लीच्या सवलती वापस आल्या १९९०ले, तोवर आजा गेला होता. पन त्याले सोडवाले कोणी ड्रॅगनवर बसून नाई आलं. बाबासाहेबायनं वाट दाखवली. कामठीहून इथवर चालत आजाच आला, पायी.”

“मं...” मंगभाऊ म्हणाले आणि थांबले. वीस वर्षांच्या शेजारात तो शब्द अर्धा राहिलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

“आज तर्री तिखट आहे,” ते म्हणाले. तर्री रोजच्यासारखीच होती.

आठ दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. व्हरांड्यात पिंजऱ्याचं दार सताड उघडं, उंबऱ्यावर हिरवी मिरची, आणि बाजूला खुर्ची टाकून मंगभाऊ हातात काठी घेऊन बसलेले. नजर कुंपणावरच्या मांजरीवर.

“चार दिवस झाले,” ते हळूच म्हणाले. “रात्री पण इथंच असतो मी. पण हा बाहेरच नाही येऊन राहिला.”

आतून काकूंनी पुस्ती जोडली, “पेन्शन आणायलाही मीच जाऊन राहिली.”

“जा न बे,” मंगभाऊ पोपटाला म्हणाले. “मी आहे न इथं.”

पोपटाने मान वाकडी करून आधी दाराकडे पाहिलं, मग मांजरीकडे, मग त्यांच्याकडे.

“मंग?”