बत्तीकाका

पत्ते दोन प्रकारचे: खेळायचे आणि बत्तीकाकांचे.

बॉस्टनच्या आसपासच्या मराठी मंडळींत असा एक तरी गृहस्थ सापडतोच. मूळचा साताऱ्याकडचा, समुद्राशी सात पिढ्यांचा संबंध नाही, होडीत पाय ठेवला की खिशातली आवळासुपारी शोधणारा. पण घरातलं एक आख्खं कपाट दीपगृहांचे फोटो छापलेल्या पत्त्यांच्या कॅटांनी भरलेलं. लाँग वीकेंडला मेन राज्याच्या किनाऱ्यावर गेलं की बाकीची मंडळी लॉबस्टरचं चित्र असलेले टीशर्ट अंगाला लावून बघतात. काका गल्ल्याशेजारच्या फिरत्या स्टँडपाशी, चष्मा कपाळावर सरकवून, एकेक डबी उलटीसुलटी करत उभे असतात.

त्यांची प्रतवारी कडक आहे. सगळ्या पानांच्या पाठीवर एकच फोटो आणि पुढे नेहमीचेच राजा-राणी-गुलाम, असला कॅट ते हातात धरत नाहीत. बावन्न पानांवर बावन्न निरनिराळी दीपगृहं आणि कोपऱ्यात चिमुकला बदाम नाहीतर किल्वर, तो खरा कॅट. त्यावरचा पारदर्शक कागद शाबूत हवा. सील फुटलेल्या कॅटला ते ‘उष्टा’ म्हणतात. साहजिकच स्वतःच्या मालकीची बहुतेक पानं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलीच नाहीत. कुठल्या पानावर कोण, हे ते इंटरनेटवर बघून पाठ करतात.

दुःखंही आहेत. मेनमध्ये दीपगृहं साठाहून जास्त आणि पानं बावन्न. मग वगळलेल्यांसाठी काका लग्नपत्रिकेत मामांचं नाव राहून गेल्यासारखे हळहळतात. मिशिगनमध्ये तर शंभरावर. “दोन कॅट काढा ना! कोण अडवतंय?” हे ते कुणाला विचारतात, देव जाणे. न्यू हॅम्पशायरच्या समुद्रकिनाऱ्यावर दोनच आहेत. त्यांना जोकर करावं, असं त्यांचं मत.

छापणाऱ्यांना अक्कल नाही, हा त्यांचा लाडका विषय. एकदा चहा पुढ्यात ठेवून त्यांनी मला आदर्श कॅट लावून दाखवला. एक्का बॉस्टन लाइट, अमेरिकेतलं पहिलं दीपगृह, १७१६ सालचं. (हल्ली उभा असलेला मनोरा १७८३ चा, कारण आधीचा इंग्रजांनी जाता जाता उडवला. हेही ऐकावं लागतं.) दुर्री म्हणजे थॅचर बेट, तिथे मनोरे दोन. तिर्री म्हणजे केप कॉडच्या ‘थ्री सिस्टर्स’, ओळीने तीन. नॉर्थ कॅरोलायनाच्या केप लुकआउटवर तर अंगभर काळ्या-पांढऱ्या चौकटीच रंगवलेल्या, दिवसा जहाजांना ओळख पटावी म्हणून. “आणि या शहाण्यांनी ते टाकलंय कुठे? इस्पिकात!” शेजारच्याच केप हॅटरसचा उंच मनोरा समुद्र जवळ आला म्हणून १९९९ मध्ये उभाच्या उभा रुळांवरून जवळजवळ २९०० फूट मागे सरकवला. तो गुलाम, कारण सांगितलं तिकडे गेला.

राणीवर मात्र काकांचं स्वतःशीच जमत नाही. ऱ्होड आयलंडच्या आयडा लुईसच्या नावावर बुडणारे १८ जीव वाचवल्याची नोंद आहे. तर मटिनिकस रॉकवरच्या ॲबी बर्जेसने १८५६ च्या वादळात, वडील पलीकडे अडकलेले असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी आठवडेच्या आठवडे दिवे तेवत ठेवले. एका रात्री आयडा बदाम राणी होते, दुसऱ्या रात्री ॲबी.

“बदाम राणी मायनॉट्स लेज का नाही?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं. मायनॉट्स लेज हे बॉस्टनच्या दक्षिणेचं, भर समुद्रातल्या खडकावरचं दीपगृह. १८९४ पासून त्याचा दिवा एक, चार, तीन असा लुकलुकतो. इकडचे लोक त्या आकड्यांतून ‘आय लव्ह यू’ची अक्षरं मोजतात.

“अगं, ते बाईमाणूस नाहीये.”

“नसेना. १८९४ पासून रोज रात्री म्हणतोय तो. दगड असून.”

काकांनी चहा संपवला.

सरकार जुनी दीपगृहं संस्थांना देतं आणि कुणी घेतलं नाही तर लिलावात काढतं. अशी एक बातमी वाचून काका आठवडाभर हिशेब करत होते. काकूंनी “आधी गॅरेजचं छप्पर” एवढंच म्हटलं आणि अमेरिकेच्या सागरी इतिहासाला एक मराठी मालक मुकला.

गेल्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं, वीज गेली, आणि त्यांच्याकडे आलेले पाहुणे तिथेच अडकले. मेणबत्त्या लागल्या. मेंढीकोटाला चौघं तयार, पण घरात ‘उष्टा’ कॅट एकही नाही. काकूंनी सरळ कपाट उघडलं आणि मेनचा कॅट नखाने फोडला. तो आवाज काकांनी सोसला. पण पानं वाटली गेली आणि ते उठून खेळणाऱ्यांच्या पाठीमागून फिरू लागले.

“अरे वा, बास हार्बर तुमच्याकडे आलं! १८५८ चं बरं का. खालचे खडक बघा.”

बास हार्बर म्हणजे बदाम दश्शी, आणि या खेळात दश्शी म्हणजेच मेंढी. पहिल्या डावात कुणाला कळलं नाही, दुसऱ्यात कळलं, आणि मेंढी कुणाच्या हातात आहे हे चौघांना ठाऊक असलेला मेंढीकोट सुरू झाला. मेणबत्तीच्या उजेडात कोपऱ्यातलं किल्वर की इस्पिक दिसेना. सगळीकडे नुसतं निळं आभाळ आणि पांढरा मनोरा. मग लोक फोटोंवरूनच खेळू लागले. “पोर्टलंड हेड काढा की आता, किती दाबून ठेवाल?” “पेमाक्विडवर हुकूम मारला यांनी!” रात्री एकच्या सुमारास काकांना बसायला जागा करून दिली, तर ते उतारीला आलेलं पान टाकेनात. टाकलं की ते समोरच्यांच्या ढिगात जाणार.

सकाळी पानं मोजली तर एकावन्न. किल्वरची सत्ती साबुदाण्याच्या खिचडीच्या पातेल्याखाली सापडली, वेस्ट क्वॉडीच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांवर तुपाचा गोल घेऊन. काका काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच कॅट पुन्हा मागवला, या वेळी दोन: एक जपायला, एक पाहुण्यांना खेळायला.

दोन्ही सीलबंद आहेत.