साठ लिटरचा गृहस्थ

बेस गिटारवाला ओळखायचा असेल तर त्याच्या खांद्यावर वाद्य शोधू नये, गाडीची डिकी उघडून बघावी. तिच्यात 'पुढेमागे लागेल' म्हणून ठेवलेला प्लायवुडचा तुकडा असतो, लाल-काळ्या वायरचं भेंडोळं असतं आणि स्टेपनीच्या जागी एक जुना, जडशीळ स्पीकर असतो. स्टेपनी घरी असते. वय पंचेचाळीसच्या आसपास. नोकरी भोसरीला, नाहीतर हिंजवडीला. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलेलं असतं. पुढे लग्न, गृहकर्ज, मुलीची दहावी. दहावीचा निकाल लागतो आणि त्याच आठवड्यात गिटार माळ्यावरून खाली येते.

सहा तारांची गिटार वाजवणाऱ्याला लोक निदान ओळखतात. सहलीला गेलं की त्याच्याभोवती कोंडाळं जमतं, फर्माइशी होतात. बेसवाल्याला फर्माईश कोणी करत नाही. 'तुमच्या दोन तारा तुटल्यात का?' एवढंच विचारतात. तो न चिडता सांगतो, की या वाद्याला चारच तारा, १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला तेव्हापासून. मग पंचमच्या ताफ्यात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव घेतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. 'चुरा लिया' म्हटलं की सगळ्यांना सुरुवातीची ती पेल्यावरची टिंग आठवते. खाली बेस काय करतोय, असं विचारणारा अजून जन्माला यायचाय. बेस काढून घेतला तर गाणं पोकळ होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि ते ठाऊक असलेला खोलीत तो एकटाच असतो. अशी माणसं एक तर अध्यात्माकडे वळतात, नाहीतर सुतारकामाकडे.

घरच्या सरावाला हेडफोन पुरेल, असं त्याला एकदा सांगून बघा. 'हेडफोनवर बेस ऐकू येतो हो, लागत नाही,' असं म्हणून तो पंजा स्वतःच्या छातीवर ठेवतो. बाजारात तयार प्रॅक्टिस अँप मिळतात, त्यांचा विषय काढला तर आणखी वाईट. 'आठ इंची स्पीकर? त्याच्यावर बातम्या ऐकाव्यात.' मग तुम्हाला गणित ऐकावं लागतं. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं होतात आणि त्या स्वराची एक लाट सत्तावीस फूट लांब असते. 'आणि आमची खोली दहा बाय बारा,' हे तो अशा सुरात सांगतो की वाटावं, बिल्डरने ब्रोशरमध्ये हे लपवलं होतं. तेव्हा तयार माल बाद. खोकं घरीच बनवायचं. स्वस्तही पडतं. त्याचा हिशेब तो डायरीत लिहून ठेवतो. त्या डायरीत जिग-सॉ नसते, ड्रिल मशीन नसतं, शिकंजे नसतात, कारण तो खर्च नव्हे, गुंतवणूक.

पहिले काही महिने अभ्यासात जातात. या काळात एकही लाकूड कापलं जात नाही, पण घरात थील आणि स्मॉल ही नावं थोरल्या काकांसारखी घेतली जाऊ लागतात. नेव्हिल थील ऑस्ट्रेलियातले. स्पीकरचे गुण आकड्यांत मांडले तर पेटी केवढी हवी हे आधीच काढता येतं, हे त्यांनी १९६१ साली मांडलं. पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम वाढवून जगभर नेलं. त्याआधी पेटी बरीचशी अंदाजानेच ठोकायचे. आता विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आकडे भरले की पडद्यावर एक वक्ररेषा उमटते. ती रेषा डावीकडे थोडी उशिरा खाली उतरावी म्हणून हा मनुष्य रात्री दीडपर्यंत जागतो. मुलीच्या प्रगतिपुस्तकातला कुठलाही आलेख त्याने इतका वेळ पाहिलेला नाही.

उत्तर येतं: साठ लिटर. आता साठ लिटर हा आकडा घरात जाहीर करायचा असतो. वहिनी शांतपणे विचारतात, 'म्हणजे गहू किती मावतील?' तो बिचारा तेही काढतो: पंचेचाळीस किलोच्या घरात. 'एवढा मोठा कशाला?' यावर त्याच्याकडे हॉफमनचा लोखंडी नियम तयार असतो. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हे हॉफमन. त्यांचा नियम असा, की छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. तिघांपैकी कुठल्याही दोन घ्या.

'मग तुम्ही कुठली सोडलीत?'

'छोटी पेटी.'

'वाटलंच मला,' म्हणून वहिनी आत जातात.

खरेदी हा त्याचा सणाचा काळ. रविवारी सकाळी जुना बाजार, मग तपकीर गल्ली, शेवटी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तपकीर गल्लीतल्या काउंटरवर तो बारा इंची स्पीकरचा थील-स्मॉलच्या आकड्यांतला क्यूटीएस विचारतो. दुकानदार त्याच्याकडे क्षणभर बघतो. 'साहेब, वॅट बोला.' वॅटचं नंतर बघू, आधी व्हीएएस किती लिटर, असं हा विचारतो. मागे उभा असलेला मंडळाचा कार्यकर्ता चार अठरा इंची उचलून, पैसे देऊन निघूनही जातो. दुकानदार खोक्यावरचं छापील वाचून दाखवतो: आठ ओहम, अडीचशे वॅट, वॉरंटी नाही. हा स्पीकर हातात घेतो, दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबतो, कानाजवळ नेऊन कॉईल घासते का ऐकतो. कलिंगड घेताना त्याने कधी एवढी काळजी घेतलेली नाही, असं वहिनी म्हणतात. त्या बरोबर असतात म्हणून निमूट ऐकून घेतो.

यानंतर मिस्त्री. अठरा मिलिमीटरचा प्लाय, आठ बाय चारची शीट. हा कटिंगचा नकाशा प्रिंट काढून आणतो, तोही रंगीत. मिस्त्री तो उलटा धरतो, सुलटा करतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि कानामागची पेन्सिल काढतो. 'साहब, ये रखना किधर है?' कुठे ठेवायचंय यावर घरात अजून एकमत नसतं, म्हणून तो प्रश्न हा टाळतो आणि स्पीकरच्या भोकावर येतो. भोक २८२ मिलिमीटर. मिस्त्री टेप लावून म्हणतो, 'ग्यारह इंच एक सूत.' हा मोबाईल काढतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे होतात २८२.५७५. 'अर्धा मिलिमीटर जास्त होतोय.' मिस्त्री टेपकडे बघतो, साहेबांकडे बघतो. या हाताखालून हजारो दरवाजे गेलेले असतात आणि एकाही दरवाजाने अर्ध्या मिलिमीटरची तक्रार केलेली नसते. शेवटी 'चलेगा' आणि 'नहीं चलेगा' या दोन टोकांमध्ये पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड आहे, हे दोघांच्याही लक्षात येतं आणि चहा मागवला जातो.

चहा पिऊन झाल्यावर हा ऑफिसचा फोन घ्यायला खाली उतरतो. परत येतो तेव्हा भोक बारा इंचांचं झालेलं असतं. स्पीकर बारा इंची, मग भोक बारा इंची. मिस्त्रीचा तर्क बिनतोड असतो. फक्त स्पीकर त्यातून आत जातो आणि स्क्रू मारायला लाकूड उरत नाही. हा जमिनीवर बसतो. मिस्त्री आतून कडं मारून देण्याची तयारी दाखवतो. पण हे कडं नकाशात नसतं, त्याने आतली हवा पाऊण लिटरने कमी होणार असते आणि तेवढ्यासाठी रात्री पुन्हा दीड वाजतो.

पेटीला भोक आणखी एक लागतं, त्याला पोर्ट म्हणतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली एका ठरावीक स्वरात घुमते. ते एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने नीट समजावलं आणि तेच पेटीला लावायचं. त्यासाठी प्लंबिंगच्या दुकानात जाऊन हा ११० एमएमच्या पीव्हीसी पाईपचा साडेतेरा सेंटिमीटरचा तुकडा मागतो. दुकानदार त्या पाईपचा एकच उपयोग जाणतो आणि सहानुभूतीने विचारतो, 'गळती कुठल्या मजल्यावर आहे?' तुकडा मिळत नाही, अख्खी दहा फुटी घ्यावी लागते. उरलेली गॅलरीत उभी राहते आणि पुढे बरीच वर्षं त्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अडखळवते.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो तो उदबत्तीचा भाग. पेटी हवाबंद झाली की नाही हे बघायचं, तर स्पीकरला अगदी खालचा एकच सूर द्यायचा, कोन मागेपुढे हलू लागला की पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवायची. फट असेल तिथे धूर फुरफुरतो. तर हा गृहस्थ रविवारी सकाळी आंघोळ करून, लेंगा घालून, त्या काळ्याकभिन्न पेटीभोवती उदबत्ती घेऊन फिरत असतो. पेटीतून मंद घुमारा येत असतो. आई देवघरातून उठून येतात. मुलगा असं काही करताना त्यांनी मुंजीनंतर प्रथमच पाहिलेलं असतं. त्या काही न विचारता पेटीवर दोन फुलं ठेवतात. फुलं थरथरत थरथरत कडेला जातात आणि खाली पडतात. 'पंचेचाळीस हर्ट्झ,' हा समाधानाने म्हणतो. 'कौल दिला,' आई म्हणतात.

आता वाजवायचं. खोलीच्या बरोबर मध्यभागी खुर्ची, भिंतीला पेटी, गॅलरीचं दार बंद. जाड तार छेडतो आणि चेहरा पडतो. खालचा आवाजच नाही! तिच्या शेजारच्या तारेला, मोकळ्या ए-ला, तर पेटी जणू माघार घेते. आवाज वाढवतो. पुन्हा तेच. याचा अर्थ त्याच्या लेखी एकच: पेटी लहान झाली. म्हणून पंधरा इंची स्पीकर आणि दुप्पट पेटी. तपकीर गल्ली, मिस्त्री, उदबत्ती. आई यावेळी फुलं देत नाहीत.

मधल्या काळात गणपती येतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत लोक स्पीकरच्या भिंतीसमोर एक तर नाचतात, नाहीतर कान झाकून पुढे सरकतात. हा तिसराच. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पोर्टच्या तोंडाशी तळहात धरून उभा राहतो, डोळे मिटून. कार्यकर्त्यांना वाटतं काका भारावले. काका मागे येऊन माझ्या कानात ओरडतात, 'वारा शिट्टी मारतोय! तोंड गोल घासायला हवं होतं!'

दुसरी पेटी बसते. मध्यभागी खुर्ची, ए-ची तार, आणि पुन्हा तोच शुकशुकाट. तो वैतागून आवाज वाढवतो. मग आणखी वाढवतो. तेव्हा चार इंची भिंतीपलीकडून वहिनी येतात, हातात झारा तसाच. 'मांडणीवरची ताटं नाचतायत. किती मोठ्याने?' 'मोठ्याने? इथे काही येतच नाहीये!' 'इथे नसेल येत. आत या.'

तो आत जातो. मुलीला तार छेडायला सांगतो. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तांदळाच्या डब्यापाशी, ज्या आवाजासाठी त्याने दोनदा प्लाय कापला तो आवाज त्याच्या छातीत लागतो. ताटं वाजतात, खालच्या मजल्यावरच्या जोश्यांचं दार उघडल्याचंही ऐकू येतं.

यामागे शास्त्र आहे आणि ते आता तो सगळ्यांना सांगतो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये खालचा सूर अडकला की त्याचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. दहा फुटांच्या खोलीत हे साधारण ५६ हर्ट्झला होतं, म्हणजे मोकळ्या ए-ला. बारा फुटांत ४७ ला, म्हणजे जाड तारेच्या दुसऱ्या पडद्याला. खुर्ची जिथे होती, तिथे बसणाऱ्याला हे दोन सूर मिळणारच नव्हते, पेटी कितीही मोठी करा. भिंतीपलीकडे, खाली, जोश्यांकडे, सगळीकडे ते सुखाने पोचत होते. बिल्डिंगमध्ये ज्याला सर्वांत कमी बेस ऐकू येत होता तो एकटा बेसवालाच होता.

खुर्ची चार फूट मागे घेतली असती तरी काम झालं असतं. ती मागे घेणं त्याने टाळलं असं नाही. तिथे पहिली पेटी उभी होती. आता तो तिच्यावरच बसतो, पाठ भिंतीला टेकून. साडेनऊला सुरू करतो, दहाच्या ठोक्याला बंद, कारण जोश्यांना रात्री दहा ते सकाळी सहाचा ध्वनिप्रदूषणाचा नियम पाठ आहे. अर्धा तास तोच एक ताल, तेच चार सूर. जोश्यांची नात त्यावर दात घासते, असं कळतं.

पण खोड जात नाही. आताशा तो कोणाच्या घरी गेला की माणसं बघत नाही, कोपरे बघतो. पॅसेजमध्ये टाळी वाजवून बघतो. भिंतीवर बोटाचं पेर आपटून वीट आहे की ब्लॉक, ते सांगतो. परवा आमच्याकडे आला, चहाचा कप घेतला आणि दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत गेला.

'ही चौदा फूट आहे.'

'असेल. मोजली नाही कधी.'

'चौदाच. म्हणजे चाळीसला बसते.' त्याचा आवाज एकदम खाली आला. 'अहो, मोकळी ई आहे तुमच्याकडे! आणि तुम्ही इथे टीव्ही बघता?'

मी काही बोलायच्या आत तो कोपऱ्यात पोचला होता. तिथे हिचं शिलाई मशीन आहे. त्याने वाकून मशीनच्या मागची भिंत ठोकून बघितली, कप मशीनच्या फळीवर ठेवला आणि आत हाक दिली, 'वहिनी, हे मशीन रोज लागतं का तुम्हाला?'