वॉर्ड नंबर चारमध्ये चुरस

वणीत गोल्फ खेळणारा माणूस मी पाहिलेला नाही, पण मत नसलेला माणूसही पाहिलेला नाही. त्यामुळे भाच्याने अमेरिकेतून गोल्फचा तंटा सोडवायला पाठवला, तेव्हा तो अगदी योग्य गावी आला याबद्दल मला शंका वाटली नाही.

भाचा ऑरेगनमध्ये, पोर्टलंडला असतो. तिथून चार-पाच तास गाडी हाकली की पॅसिफिकच्या काठावर बँडन नावाचं गाव लागतं, आणि गावाबाहेर बँडन ड्यून्स हे गोल्फचं रिसॉर्ट. एकाच आवारात अठरा-अठरा होलांची पाच मैदानं. पहिलं १९९९ साली उघडलं, त्याचंही नाव बँडन ड्यून्सच. मग २००१ मध्ये पॅसिफिक ड्यून्स, २००५ मध्ये बँडन ट्रेल्स, २०१० मध्ये ओल्ड मॅकडोनाल्ड आणि २०२० मध्ये शीप रँच. हे सगळं उभं करणारे माइक कायझर यांनी शुभेच्छापत्रं विकून पैसा केला, तोही पुनर्वापराच्या कागदावर छापून. लोकांनी शुभेच्छा मोबाइलवर फुकट वाटायला सुरुवात केली, त्याच्या आत गृहस्थ वाळूत उतरले होते. पहिलं मैदान आखायला त्यांनी मोठमोठी नावं सोडून डेव्हिड मॅकले किड हा विशीतला स्कॉटिश पोरगा धरला. तिथे गाडीत बसून खेळायची सोय नाही, चालायचं. हा भाचा इथे असताना कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढायचा.

तर भाचा आणि त्याचे तीन मित्र पाचही मैदानं खेळून आले आणि परतीच्या वाटेवर गाडीत भांडले. विषय असा, की पाच मैदानांतून एकेका नंबरचा सर्वांत चांगला होल निवडायचा आणि त्या अठरांचं एक मैदान मनातल्या मनात बांधायचं. अट एकच, नंबर बदलायचा नाही. पहिल्याची तुलना पहिल्यांशी, दुसऱ्याची दुसऱ्यांशी. "मामा, तुम्ही तटस्थ आहात, तुम्हीच ठरवा," असं म्हणून त्याने नव्वदच्या नव्वद होलांचे फोटो पाठवून दिले.

मी ते टिळक चौकातल्या आमच्या संध्याकाळच्या बैठकीपुढे ठेवले. या बैठकीत एक कापसाचे अडते आहेत, खाणीतून निवृत्त झालेले एक सर्व्हेअर आहेत, आणि मी, निवृत्त मास्तर. बाकीचे येऊन-जाऊन असतात. होल म्हटल्यावर येऊन-जाऊन असणाऱ्यांपैकी एकाने आमच्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याचा विषय काढला. तो विनोद वाचकाला इथे अपेक्षित असेल, पण आम्ही तो रोज करतो, म्हणून त्या दिवशी सुट्टी दिली.

अडत्यांना अट एका दमात कळली. "म्हणजे नगरपरिषदच की, सर! अठरा वॉर्ड, पाच पार्ट्या. एका वॉर्डात दोन तगडे उमेदवार आले का एक पडणार. आन् दुसऱ्या वॉर्डात कोनीच धड नसला, तरी एक निवडून येनारच."

गोल्फवर जगभर एवढं लिहिलं गेलं, पण इतक्या नेमकेपणाने हे कोणी मांडलं असेल असं वाटत नाही. कारण पेच खरोखर तिथेच होता. चार नंबरमध्ये बँडन ड्यून्स आणि पॅसिफिक ड्यून्स, दोघांचेही हुकमी उमेदवार समोरासमोर उभे. बँडनचा चौथा होल उजवीकडे वळतो. आधी तुम्हाला फक्त गवत आणि वाळूचे उंचवटे दिसतात. दुसऱ्या फटक्यासाठी वळणापाशी पोचलात की एकदम ग्रीन दिसतं आणि त्याच्यामागे पसरलेला अख्खा पॅसिफिक. पॅसिफिक ड्यून्सच्या चौथ्यात हा लपंडाव नाही. पहिल्या फटक्यापासून शेवटपर्यंत उजव्या हाताला कडा, कड्याखाली समुद्र. चेंडू उजवीकडे भरकटला तर थेट जपानच्या वाटेला.

बैठकीचं मत पॅसिफिककडे झुकत होतं. समुद्र बघायला आम्हाला रात्रभराची गाडी धरावी लागते, त्यामुळे तो जितका जास्त वेळ दिसेल तितका बरा, असा साधा हिशेब. पण अडते अडून बसले. म्हणाले, वरचा कापूस पाहून बोली लावणारा हमखास फसतो. मग त्यांनी उजवा हात कोपरापर्यंत हवेत खुपसला, आतून न दिसणारा पुंजका ओढून काढला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू धागा ताणला. बाजार समितीत मी त्यांना हे करताना पाहिलं आहे. तेव्हा समोरच्या शेतकऱ्याचा श्वास जसा थांबतो तसा आमचाही थांबला. "हा बँडनवाला माल आत ठेवते, सर. वर दाखवत नाही. याले भाव द्या." कापूस नव्हता, समुद्र नव्हता, होल तर नव्हताच, तरी चार मतं फिरली.

सर्व्हेअरसाहेबांनी मात्र निकाल रोखला. त्यांची हयात उकणी-नीलजईकडच्या उघड्या खाणींत मातीचे ढिगारे मोजण्यात गेली, त्यामुळे वाळूच्या टेकड्यांच्या फोटोंत त्यांना सौंदर्याआधी उतार दिसत होता. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाला लावून त्यांनी पॅसिफिक ड्यून्सचा तेरावा होल तपासला. तिथे समुद्र डावीकडे आहे आणि उजवीकडे वाळूची प्रचंड टेकडी. मग चहाच्या बिलामागे बाण काढले. "ऑरेगनला समुद्र पश्चिमेला. चौथ्यात तो उजवीकडे, म्हणजे तोंड दक्षिणेला. तेराव्यात डावीकडे, म्हणजे तोंड उत्तरेला. आता मला वारा सांगा."

भाच्याला फोन लावला. तिकडे पहाट होती. जांभई देत तो म्हणाला, उन्हाळ्यात वारा उत्तरेचा, हिवाळ्यात वादळं दक्षिणेकडून. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. उन्हाळ्यात चौथ्या होलला वारा पाठीशी, तेराव्याला तोंडावर. हिवाळ्यात सगळं उलट. "तारीख न लिहिता पाठवलेल्या फोटोंवर मी मत देत नाही." अडत्यांनी तोडगा सुचवला, की एक निकाल खरिपाचा लावा, एक रब्बीचा. भाच्याचं म्हणणं, त्या चौघांच्या भांडणात वाऱ्याचा मुद्दाच कोणी काढला नव्हता. मला वणीचा अभिमान वाटला.

ओल्ड मॅकडोनाल्डपाशी तर घटनात्मक प्रश्न उभा राहिला. हे मैदान चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड या जुन्या अमेरिकन गोल्फवेड्याच्या सन्मानार्थ आखलेलं आहे. हा माणूस सोळाव्या वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला शिकायला गेला आणि शिक्षणाऐवजी गोल्फ घेऊन परतला. पुढे १९०१ साली ब्रिटनमधल्या एका गोल्फ मासिकात सर्वांत चांगले होल कोणते यावर चर्चा रंगली. म्हणजे भाच्याचं भांडण सव्वाशे वर्षं जुनं आहे. ती चर्चा मॅकडोनाल्डच्या डोक्यात बसली. त्याने ब्रिटनमधले नावाजलेले होल हेरले, त्यांची टिपणं आणि नकाशे जमवले आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर त्यांच्या धर्तीचं मैदान बांधलं. बँडनचं ओल्ड मॅकडोनाल्ड त्याच पठडीतलं. तिथला बारावा होल 'रेडान', मूळचा स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकचा, आणि त्याला नाव क्रिमियाच्या युद्धातल्या एका तटबंदीवरून पडलेलं.

"म्हणजे बाहेरचा उमेदवार," येऊन-जाऊन असणाऱ्यांनी एका सुरात सांगितलं. शिवाय गावी हा पंधरा नंबरचा, इथे बारामधून उभा. दुसरा होल 'ईडन', तो सेंट अँड्र्यूजला अकरावा. सोळावा 'आल्प्स', तो प्रेस्टविकला सतरावा. सगळ्यांनी वॉर्ड बदललेले! अडते म्हणाले, "स्थानिक कार्यकर्त्यावर अन्याय हाय हा." रेडानचं डिपॉझिट जप्त झालं. फोटोत तो दिसायला फार देखणा होता, हे मी बोललो नाही.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर ते बँडन ट्रेल्सला. हे मैदान वाळूत सुरू होतं, वाळूत संपतं, पण मधली सगळी वाट कुरणातून आणि जंगलातून जाते. समुद्रकिनाऱ्याच्या रिसॉर्टमध्ये राहून समुद्रापासून दूर! भाच्याच्या मित्रांनी त्याला अठरांपैकी जेमतेम दोन-तीन जागा दिल्या होत्या. बिनसमुद्राच्या मैदानाची बाजू बिनसमुद्राच्या गावाने घ्यायची नाही तर कोणी? मी पहिला, चौदावा आणि अठरावा असे तीन नंबर ट्रेल्सला मिळवून दिले. चौदावा तर खेळणाऱ्यांतही वादग्रस्त आहे म्हणे. उंचावरून खाली मारायचं आणि हिरवळीचा अरुंद तुकडा गाठायचा. एकमताचा उमेदवार मला तसाही आवडत नाही.

सोळा नंबरमध्ये तिरंगी लढत झाली. बँडनचा सोळावा दरीवरून कड्याकडे मारायचा, शीप रँचचा अगदी समुद्राच्या काठावर, आणि बाहेरचा म्हणून आधीच बदनाम झालेला आल्प्स. शीप रँचवर वाळूचा एकही बंकर नाही, कारण तिथला वारा वाळू टिकू देत नाही. हे कळल्यावर सर्व्हेअरसाहेबांनी कधी नव्हे ते उभं राहून मत दिलं. ज्या जागेने वाऱ्याचं ऐकलं तिला त्यांनी निवडून आणलं.

यादी रात्री पाठवली. सकाळी उत्तर आलं, की चौघांनाही ती अमान्य आहे. निदान एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. सोबत भाच्याने माहिती म्हणून लिहिलं, की रिसॉर्टवर छोटी, फक्त तीन फटक्यांच्या होलांची आणखी दोन मैदानं आहेत. २०१२ साली झालेलं बँडन प्रिझर्व्ह तेरा होलांचं आणि २०२४ मध्ये उघडलेलं शॉर्टीज एकोणीस होलांचं.

अडत्यांनी खिशातून वही काढली. "तेरा आन् एकोनीस, बत्तीस. दोन मैदानांचे पाह्यजे छत्तीस." थांबून त्यांनी बत्तीसच्या खाली रेघ ओढली. "चार होलांची तूट हाय, सर. भाच्याले इचारा, उरलेले कुठं गेले."