न ऐकलेल्या व्याख्यानांखालची सही

प्रति,
वर्षभराचं शिक्षण मार्चअखेरीस एका बैठकीत लिहून काढणारे अभियंतासाहेब,
मुक्काम जाम, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा.

विषय : आपण न ऐकलेल्या व्याख्यानांखाली आपणच केलेल्या सह्यांबाबत.

साहेब,

तुमचं नाव आणि कार्यालय इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे अनेक आहेत आणि पत्र त्या सगळ्यांना आहे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही फाईल मागवता. कोणतं प्रशिक्षण घेतलं, त्यातून काय शिकलो, कामात काय बदललं, असे तीन रकाने. पहिल्यात मागच्या वर्षीची यादी तारखा बदलून उतरते. दुसऱ्यात 'ज्ञानात मोलाची भर पडली'. तिसऱ्यात 'लागू नाही'. मग तोच कागद नमुना म्हणून ज्युनिअरकडे जातो आणि तोही तेच उतरवतो. ऑनलाइन कोर्स सुरू करून मोबाईल पालथा ठेवायचा आणि शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करायचं, ही विद्या त्याला तुम्हीच दिलीत. नव्या पोराने तुमच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट ही आहे, याची मला चीड येते.

तुम्हाला नोंद ठेवता येत नाही असं नाही. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, तुम्ही किती जपता! एमबीच्या पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, चुकलेला आकडा आडव्या रेघेने कापून शेजारी सही करावी लागते. मुरमाच्या एका थराची लांबी, रुंदी, जाडी तुम्ही जागेवर उभं राहून लिहिता, कारण त्यावर बिल निघतं आणि चूक झाली तर वसुली लागते. स्वतःच्या डोक्यात काय भर पडली याचं माप मात्र तुम्ही खुर्चीत बसून, अंदाजाने, एकाच शाईने लिहिता. त्यावर वसुली लागत नाही ना!

आणि तो 'लागू नाही' तुम्ही जामला बसून लिहिता. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ तुमच्या दारातून जातो. नागपूर, हिंगणघाट आणि वरोरा-चंद्रपूर अशा तीन दिशांची वाहतूक जाम चौकात एकत्र येते. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. कडेचं पाणी आत मुरलं की साइडपट्टीलगत लांबच लांब भेगा पडतात, डांबर कितीही चांगलं वापरा. रस्त्याच्या अभियंत्याला शिकायला याहून मोठी शाळा कुठे मिळणार आहे?

डांबरी रस्त्याची जाडी ठरवणारी आयआरसी ३७ ही मार्गदर्शिका १९७० साली आली. १९८४, २००१, २०१२ आणि २०१८ मध्ये ती बदलली. आधी दिवसाला किती जड वाहनं जातात एवढ्यावर जाडी ठरत असे. १९८४ पासून प्रमाणित एक्सलच्या फेऱ्या मोजायला लागल्या. २०१२ नंतर थराथरातला ताण संगणकावर काढून तपासणं आलं. तुम्ही नव्वदच्या दशकात पदवी घेतलीत. तेव्हा हातात होतं ते १९८४ चं पुस्तक. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ त्यानंतर २००० साली बदललं, पोलादाचं आयएस ८०० हे २००७ साली.

त्याहून मोठी गोष्ट जुलै २०१८ मध्ये घडली. केंद्र सरकारने ट्रकच्या चार चाकी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार वाढला साधारण १३ टक्के. पण रस्त्याचं नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. हे अमेरिकेतल्या १९५८ ते १९६० च्या आशो रस्ता-चाचणीतून पुढे आलेलं गणित तुम्हीही शिकला आहात. ते मांडा : पूर्ण भरलेल्या एका एक्सलचं नुकसान सुमारे १.६ पट होतं. चंद्रपूरकडून कोळसा घेऊन येणारा ट्रक या चौकातून वळतो आणि तुम्ही तिसऱ्या रकान्यात 'लागू नाही' लिहिता!

खरी नोंद किती साधी असते ते सांगतो. 'जुलै. डाव्या साइडपट्टीला लांब भेगा. कारण वाटलं खराब डांबर. खणून पाहिलं, खालची माती फुगलेली. फ्री स्वेल चाचणी केली, आयएस २७२० चा भाग ४० वाचला. आपण गटाराचा उतार उलटा दिला होता. पुढच्या कामात आधी गटार, मग साइडपट्टी.' एवढंच. यात प्रमाणपत्र नाही, व्याख्याता नाही, चहा-नाश्ता नाही. पण तुमच्या जागी उद्या येणारा हे वाचून तीच चूक टाळेल. तुमची 'मोलाची भर' वाचून त्याला काय कळणार?

चूक लिहिली तर गोपनीय अहवाल (सीआर) खराब होईल, ही भीती मला ठाऊक आहे. ती खोटी नाही. वरिष्ठांनी ती काढायला हवी, आणि साहेब, ज्युनिअरसाठी वरिष्ठ तुम्हीच आहात.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी बस माणसांसह गेल्या. मे महिन्यातल्या पाहणीत तो पूल सुरक्षित ठरला होता. मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल मार्च २०१९ मध्ये कोसळला. त्याच्या ऑडिटने किरकोळ दुरुस्ती सांगितली होती. दोन्ही ठिकाणी कागद तयार होता, सही होती. कागदावरची सही आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांत अंतर पडलं की काय होतं, हे आपल्या पेशाला आणखी कोणी सांगायचं?

हिंगणघाटच्या डॉक्टरला नोंदणी टिकवायला महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. अभियंत्याला असा देशभर लागू कायदा नाही. म्हणून आपल्या शिक्षणाच्या नोंदीचा एकमेव पहारेकरी आपला प्रामाणिकपणा आहे, आणि तिथेच तुम्ही रजेवर गेलात. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालणारे तुम्हीच. खडकवासला धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणाऱ्या त्या माणसासमोर ही फाईल उघडून ठेवाल का?

यंदाच्या मार्चमध्ये एवढं करा : मागच्या वर्षीची यादी मागवू नका. वर्षभरातलं फसलेलं एक काम निवडा आणि त्यावर एक पान स्वतःच्या हाताने लिहा. आणि समुद्रपूर, हिंगणघाट, वरोऱ्याच्या साइटवरच्या तरुण अभियंत्यांनो, तुमच्यापुढे न ऐकलेल्या व्याख्यानाच्या उपस्थितीचा कोरा कागद आला तर त्यावर सही करू नका.

आपला,
याच रस्त्यावर काम केलेला एक अभियंता