बांध सरळ करणारे अण्णा

गावात एखादा पंचवार्षिक सरपंच नसला तरी निभावतं, पण बांध कोरणारे अण्णा लागतातच. देशावर ते बांध कोरतात, वऱ्हाडात धुरा, आणि कोकणात रान नांगरायची सोय नसली तर गडग्याचे चिरे सरकवतात. मुलूख बदलला की हद्दीचं नाव बदलतं, अण्णा तेच.

'कोरणं' हा शब्द मात्र अण्णांना अजिबात मान्य नाही. शेजारच्या बापूनं फाळ अलीकडं घातला तर ते कोरणं, अतिक्रमण, दिवसाढवळ्या दरोडा. अण्णांनी पलीकडं घातला तर बांध 'सरळ केला'. फार तर 'साफ केला', कारण हरळी माजली होती. बांध दर उन्हाळ्यात सरळ होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यात नवा बाक निघतो. हा बाक नेमका अण्णांच्याच रानात घुसलेला असतो.

एरवी महिना महिना रानाकडं न फिरकणारे अण्णा नांगरटीला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून असतात. शेवटचं तास आलं की त्यांच्या अंगात येतं.

"घे जरा खेटून."

"अण्णा, हद्दीचा दगड लागंल."

"लागू दे की. उद्या परत बसवू."

दगड परत बसतोही. शब्दाला अण्णा पक्के. फक्त बसतो तो थोडा पलीकडं.

याला हाव म्हणावं तर हिशेब बघा. बांध दोनशे फुटांचा आणि अण्णांची भूक सालाला वीतभर, म्हणजे पाऊण फूट. वर्षाचे झाले दीडशे चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे सात-सव्वासात वर्षांत एक गुंठा. पतपेढीतली आवर्त ठेवसुद्धा एवढ्या नेमानं कुणी भरत नाही. ज्या बांधावरून बैलगाडी जायची तिथून पुढं माणूस जायला लागला, आता मुंगूसही अंग चोरून जातं.

शेवटी बापू मोजणीचे पैसे भरतो. लगतधारक म्हणून अण्णांना नोटीस येते, आणि अण्णांमधला विद्वान जागा होतो. मालकी वेगळी, ताबा वेगळा, वहिवाट त्याहून वेगळी; सर्व्हे नंबर निराळा, गट नंबर निराळा, पोटहिस्सा तर कुणालाच कळलेला नाही. असे बारीक भेद पाडताना अण्णांना ऐकावं. वकिलानं वही काढावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ त्यांना कलमांसकट येते. हद्दीच्या खुणा मोडणाऱ्याला दंड आहे, हेही तेच बापूला सुनावतात. भूकरमापक यंत्र लावतो, नकाशा पसरतो, चुन्याची रेघ मारतो. रेघ अण्णांच्या कांद्यातून जाते.

"मला ही मोजणी मान्य नाही."

मग निमताना मोजणी. तिचीही रेघ कांद्यातूनच जाते. त्याच्यावर सुपर निमताना असते. एवढ्या पायऱ्या सरकारनं अण्णांना डोळ्यांपुढं ठेवूनच केल्या असाव्यात, असा आमचा संशय आहे. तोवर कांदा काढून होतो.

अण्णांची शेळी बापूच्या घासात शिरली की मात्र सगळी सूक्ष्म बुद्धी मावळते. "तुझं-माझं काय करतोस रे, आपण भाऊभाऊ!" बांधावरच्या आंब्याचंही असंच. पाड लागेपर्यंत झाड सामाईक, उतरायला आलं की आजोबांनी लावलेलं. पानगळ तेवढी बापूची.

बापू थकला आणि त्यानं कायदा सोडून देव धरला. एका अमावस्येला हद्दीच्या दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि जाहीर केलं, हा म्हसोबा. सरकारी दगडाला कोण भितो? पण म्हसोबाला हात लावायची अण्णांची छाती नव्हती. दोन नांगरटी बांध जागचा हलला नाही. मडगार्डवर बसलेले अण्णा शेवटच्या तासाला दोन्ही हात जोडायचे.

तिसऱ्या वर्षी तेच पाच-सहा जणांना घेऊन बापूच्या दारात आले. कपाळाला शेंदूर, हातात पावतीपुस्तक.

"बापू, देव उन्हात बसलाय, बरं दिसत नाही. ओटा बांधू, वर पत्रा टाकू. पहिली पावती माझी."

बापूला भरून आलं. ओटा कुठल्या अंगानं काढायचा, एवढंच त्यानं विचारलं.

"देवाचं तोंड तुझ्या रानाकडं आहे," अण्णा म्हणाले. "पाठीमागं ओटा कोण बांधतं?"